केमकॉन म्हणजे काय? केमिकल इंजिनियर्सच्या राष्ट्रीय अधिवेशनात नेमकं काय चालतं, आणि साखरखेर्ड्याच्या विद्यार्थ्याने ते का माहीत करून घ्यावं?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की निम्मी मित्रमंडळी गोव्याच्या बुकिंगमध्ये आणि उरलेली निम्मी ‘थर्टी फर्स्टला काय?’ या प्रश्नात अडकलेली असतात. त्याच दिवसांत, बहुतेक वेळा २७ ते ३० डिसेंबरला, देशातल्या कुठल्यातरी शहरात गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली वेगळीच मंडळी जमतात. कुणी प्राध्यापक, कुणी रिफायनरीत काम करणारे, कुणी खत कारखान्यातले, तर कुणी प्रबंध अर्धवट असलेले पीएचडीचे विद्यार्थी. चार दिवस ते उष्णता, दाब, गाळणं, उकळणं, सांडपाणी आणि सुरक्षितता यांवर बोलत राहतात. या अधिवेशनाचं नाव आहे केमकॉन.

साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आपल्याकडे महिनाभर वाद रंगतो. केमकॉनचं यजमानपद यंदा कुणाकडे आहे, हे मात्र बहुतेक वेळा त्या शहराच्या स्थानिक वर्तमानपत्रातसुद्धा आतल्या पानावर येतं. तरीही तुमच्या गावातल्या युरियाच्या गोणीपासून सोयाबीनच्या भावापर्यंत बऱ्याच गोष्टींचा धागा त्या मांडवापर्यंत जातो. कसा, ते पाहू.

ही संस्था कुणाची?

केमकॉन भरवते इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनियर्स, म्हणजे आयआयसीएचई. नावात ‘इन्स्टिट्यूट’ असल्यामुळे अनेकांना हे कॉलेज वाटतं, काहींना तर आयआयटीचीच एखादी शाखा. प्रत्यक्षात ही व्यावसायिकांची संघटना आहे. डॉक्टरांची जशी इंडियन मेडिकल असोसिएशन, तशी केमिकल इंजिनियर्सची ही.

स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, मे १९४७ मध्ये, कोलकात्यात ती स्थापन झाली. संस्थापक होते डॉ. हिरालाल रॉय. बंगालमधल्या स्वदेशी चळवळीतून राष्ट्रीय शिक्षणाचा जो प्रयत्न उभा राहिला, त्याच्या जादवपूरच्या संस्थेत १९२१ मध्ये केमिकल इंजिनियरिंगचं शिक्षण सुरू झालं. रॉय त्या पिढीतले. आपल्याकडे त्याच स्वदेशीच्या लाटेत तळेगावला पैसा फंडातून काच कारखाना निघाला होता, हे आठवलं तर त्या काळाची हवा लक्षात येईल. देश स्वतंत्र होणार असेल तर खत, औषध, काच, रंग, साबण हे सगळं इथेच बनलं पाहिजे, आणि ते बनवणारी माणसं इथेच तयार झाली पाहिजेत, असा तो विचार होता. संस्थेचं मुख्यालय आजही जादवपूर विद्यापीठाच्या आवारात आहे. मुंबई, पुणे, नागपूर इथे तिची विभागीय केंद्रं आहेत आणि ‘इंडियन केमिकल इंजिनियर’ नावाचं संशोधन नियतकालिक ती चालवते.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते आणि वकिलाला बार कौन्सिलची सनद. ती गेली की धंदा बंद. भारतात इंजिनियरला अशी कायद्याने बांधलेली सनद नाही. आयआयसीएचईचं सदस्यत्व घेतलं नाही म्हणून कुणाची नोकरी जात नाही, आणि एखाद्याने हलगर्जीपणा केला तर संस्था त्याचा इंजिनियर असण्याचा हक्क काढून घेऊ शकत नाही. त्यामुळे या व्यवसायाची शिस्त बरीचशी एकमेकांना भेटण्यावर, एकमेकांचं काम तपासण्यावर आणि चुका उघडपणे मांडण्यावर अवलंबून राहते. केमकॉनचं खरं महत्त्व मला इथे वाटतं, मानचिन्हांत आणि पुष्पगुच्छांत नाही.

केमिकल इंजिनियर आणि केमिस्ट एकच का?

नाही. हा गोंधळ इतका पक्का आहे की ‘मुलगा केमिकलला आहे’ म्हटलं की लोक त्याला मेडिकल स्टोअरवाल्या केमिस्टपासून लॅबमधल्या रसायनशास्त्रज्ञापर्यंत काहीही समजतात.

साखरखेर्डा हे गाव बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजा तालुक्यात आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ते १७२४ च्या लढाईसाठी येतं. निजामुल्मुल्कने तिथे मुबारिझ खानाचा पराभव केला, गावाचं नाव बदलून फतेहखेर्डा ठेवलं आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला. आज त्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या मोबाईलवर रोज सकाळी वेगळाच मेसेज येतो : सोयाबीनचा ‘प्लांट रेट’. हा प्लांट म्हणजे केमिकल इंजिनियरिंगचं चालतंबोलतं उदाहरण आहे.

सोयाबीनमध्ये तेल असतं साधारण १८ ते २० टक्के. तीळ किंवा शेंगदाणा घाण्यात दाबून तेल निघतं, कारण त्यात तेलच भरपूर असतं. सोयाबीन नुसतं दाबलं तर बरंचसं तेल पेंडीतच अडकून राहतं. म्हणून प्लांटमध्ये दाण्याचे पातळ पापुद्रे करतात आणि त्यांच्यावर हेक्झेन नावाचा द्राव सोडतात. तेल हेक्झेनमध्ये विरघळतं आणि पेंडीत एक टक्क्याहूनही कमी उरतं. मग ते मिश्रण तापवायचं. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतं, तेल त्या तापमानाला जागचं हलत नाही. उडालेली हेक्झेनची वाफ थंड करून पुन्हा द्रव करायची आणि पुढच्या मालावर सोडायची. खाली राहिलेली पेंड वाफेने तापवून तिच्यातला उरलासुरला हेक्झेन काढायचा. हीच ती ‘डीओसी’, जिच्या निर्यातीच्या बातमीवर सोयाबीनचा भाव हलतो.

तेल हेक्झेनमध्ये विरघळतं, हे केमिस्ट सांगेल. रोज शेकडो टन सोयाबीनसाठी टाकी केवढी हवी, वाफ किती लागेल, हेक्झेन किती वाया जाईल, तो पेट घेऊ नये म्हणून काय करायचं आणि एवढं करून किलोमागे दोन पैसे सुटतील का, हे केमिकल इंजिनियर सांगतो. हेक्झेन पेट्रोलसारखाच पटकन पेटतो. त्यामुळे यातला चौथा प्रश्न विसरून चालत नाही.

विरघळवणं, उकळणं, थंड करणं, वाळवणं, गाळणं. हीच कामं साखर कारखान्यात, दूध पावडरच्या प्लांटमध्ये, औषधाच्या कंपनीत आणि रिफायनरीत होतात. माल वेगळा, पण क्रिया त्याच. इंग्लंडमध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ मध्ये मँचेस्टरला व्याख्यानं देताना ही गोष्ट मांडली. पुढे १९१५ मध्ये अमेरिकेत आर्थर लिटल यांनी या क्रियांना ‘युनिट ऑपरेशन्स’ असं नाव दिलं. या एका कल्पनेमुळे केमिकल इंजिनियरिंग हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला. साखर कारखान्यातला माणूस आणि औषध कंपनीतला माणूस एकाच अधिवेशनात बसून एकमेकांचं बोलणं समजू शकतात, तेही याच कल्पनेमुळे.

बुलढाण्याला तर याचा धडा निसर्गाने घालून दिला आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवरात उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर सोड्याचे थर जमायचे. लोक ते गोळा करायचे, प्रतीनुसार वेगळे करायचे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावं जुन्या गॅझेटियरमध्ये सापडतात. या परिसरात काच आणि साबणासाठी लागणारा माल मिळतो, अशी नोंद आईन-ए-अकबरीतही आहे. बाष्पीभवन आणि स्फटिकीकरण ही दोन्ही युनिट ऑपरेशन्स सूर्य फुकटात करत होता. (आता ते अभयारण्य आणि रामसर स्थळ आहे, त्यामुळे पिशवी घेऊन जाऊ नका.)

बीकर ते टाकी : सगळी मेख इथेच

केमकॉनमधले बरेचसे निबंध फिरून फिरून एका प्रश्नाशी येतात. प्रयोगशाळेत एक लिटरच्या काचपात्रात जे जमलं, ते दहा हजार लिटरच्या टाकीत जमेल का?

लग्नाच्या आचाऱ्याला विचारा. घरी चार वाट्या साखरेचा पाक करताना गॅस बंद केला की पाक जवळजवळ तिथेच थांबतो. मोठ्या कढईतला पाक चुलीवरून उतरवल्यावरही शिजत राहतो. दोन तारी हवा असताना गोळीबंद होऊन बसतो. म्हणून अनुभवी आचारी कढई थोडी आधीच उतरवतो. का, ते त्याला सूत्रात मांडता येणार नाही, पण हाताला माहीत असतं.

सूत्र असं आहे. पात्राचा आकार तोच ठेवून एक लिटरचे दहा हजार लिटर केले, तर आतला माल दहा हजार पट होतो. पण उष्णता बाहेर जाते ती पात्राच्या पृष्ठभागातून, आणि पृष्ठभाग वाढतो फक्त सुमारे ४६४ पट. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी थंड होण्याची जागा एकविसाव्या हिश्शाहूनही कमी उरते. ज्या रासायनिक क्रियेत उष्णता बाहेर पडते, तिथे हा हिशेब जीवघेणा ठरू शकतो. ढोबळ नियम सांगतो की तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच क्रियांचा वेग दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की वेग आणखी वाढतो. थंड करणारं पाणी मात्र आपल्या ठरलेल्या चालीनेच उष्णता नेत राहतं. एका टप्प्यानंतर क्रिया हाताबाहेर जाते. काचपात्रात ही भानगड दिसलेलीच नसते, कारण तिथे उष्णता आपोआप निघून जात होती.

म्हणून मधे ‘पायलट प्लांट’ लागतो, म्हणजे कारखान्याचं छोटं रूप. तो बांधायला पैसे लागतात, वेळ जातो आणि त्यातून विकण्यासारखं फारसं काही निघत नाही. व्यवस्थापनाला तो खर्च टाळावासा वाटतो, आणि पायलट प्लांट का टाळू नये हे सांगणारी माणसं तिथे असावी लागतात.

भोपाळ आठवा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. मिथाइल आयसोसायनेटच्या साठवण टाकीत पाणी शिरलं आणि उष्णता सोडणारी क्रिया सुरू झाली. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्याआधी काही महिन्यांपासूनच बंद होती. हजारो माणसं गेली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक उद्योगांसाठी नवी कलमं आली आणि १९८९ मध्ये घातक रसायनांच्या हाताळणीचे नियम आले. केमिकल इंजिनियरिंगच्या अभ्यासक्रमातही प्रक्रिया सुरक्षितता हा विषय पुढे ठळक होत गेला.

पण भोपाळ चाळीस वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला. दोन्ही वेळा माणसं दगावली, आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. मधे मे २०२० मध्ये विशाखापट्टणमला स्टायरीनची गळती झाली. तारापूर, महाड, लोटे ही नावं महाराष्ट्राला याच कारणाने अधूनमधून ऐकू येतात.

अपघाताचा अहवाल फाइलमध्ये जातो. शेजारच्या कारखान्यातल्या शिफ्ट इंजिनियरला त्यातलं काय कळतं? बहुतेक वेळा काहीच नाही. जो अपघात थोडक्यात टळला, त्याची तर फाइलही नसते. कंपन्या अशा गोष्टी लपवतात, कारण त्यांना बदनामी आणि कोर्टकचेरीची भीती असते. अधिवेशनात सुरक्षिततेवर सत्रं असतात, निबंध वाचले जातात, ते गरजेचंच आहे. पण ‘आमच्याकडे व्हॉल्व्ह अडकला होता, थोडक्यात वाचलो’ हे वाक्य माइकवर कमी आणि चहाच्या रांगेत जास्त ऐकू येतं. ते माइकवर यायला हवं, असं माझं मत आहे. विमान वाहतुकीत अशा ‘थोडक्यात वाचलो’ घटना कळवण्याची पद्धत बसवली गेली. रासायनिक उद्योगाला ती जमू नये असं काही कारण नाही.

चार दिवसांत होतं काय?

उद्घाटन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ हे सगळं इथेही असतं. ते सोडून मुद्द्याचं बोलू.

सकाळी मोठ्या सभागृहात निमंत्रितांची व्याख्यानं होतात. त्यांतली काही जुन्या मंडळींच्या स्मरणार्थ असतात, संस्थापक हिरालाल रॉय यांच्या नावाचं व्याख्यान त्यांपैकीच. नंतर एकाच वेळी अनेक खोल्यांत सत्रं सुरू होतात. एका खोलीत उत्प्रेरक, दुसरीत सांडपाणी, तिसरीत बॅटरी आणि हायड्रोजन, चौथीत संगणकावर केलेली प्रारूपं. प्रत्येकाला बोलायला थोडी मिनिटं आणि मग प्रश्न. व्हरांड्यात पोस्टर लावलेली असतात, शेजारी विद्यार्थी उभा असतो. यंत्रसामग्री विकणाऱ्यांचे स्टॉल असतात. संस्थेची वार्षिक सभा आणि पुरस्कारही याच वेळी होतात. शिवाय उद्योग आणि शिक्षणसंस्था यांची एकत्र बैठक असते. तिथे दरवर्षी एकच तक्रार दोन बाजूंनी ऐकू येते. उद्योग म्हणतो, मुलांना प्लांट कळत नाही. प्राध्यापक म्हणतात, तुम्ही मुलांना प्लांटमध्ये घेत नाही.

‘इतक्या निबंधांचा उपयोग काय?’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मिळालं. आपल्या सगळ्यांच्या फोनवर तेव्हा ऑक्सिजन सिलिंडरचे निरोप फिरत होते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजावरून हवा दाबाने सोडली की ते नायट्रोजन धरून ठेवतं आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि झिओलाइट पुन्हा कामाला तयार. याला पीएसए म्हणतात. जिल्हा रुग्णालयांच्या आवारात तेव्हा उभे राहिलेले ऑक्सिजन प्लांट याच तत्त्वावरचे. त्यातून निघणारा ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास असतो, शंभर नाही. हवेत थोडा आर्गॉन असतो आणि तो ऑक्सिजनच्याच बरोबर निसटतो, हे त्याचं मुख्य कारण.

तेव्हा नवे प्लांट यायला वेळ होता. आयआयटी मुंबईने कारखान्यांमध्ये आधीच असलेली नायट्रोजन बनवणारी यंत्रं वापरून दाखवली. आतली कार्बनची चाळणी काढून झिओलाइटची घातली, इतर बदल केले, आणि त्याच यंत्रातून ऑक्सिजन मिळवला. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एका साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रणेत बदल करून ऑक्सिजन तयार केला. कुठल्या पदार्थावर कुठला वायू किती चिकटतो, याच्या तक्त्यांना एरवी कुणी विचारत नाही. ते तक्ते आधी कुणीतरी मोजून, छापून ठेवलेले होते म्हणून काही आठवड्यांत हे शक्य झालं.

महाराष्ट्राचा वाटा

२०१३ चं केमकॉन मुंबईत झालं. संस्थेचं ते ६६ वं वार्षिक सत्र. यजमान होती माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, जिला जुनी पिढी अजून ‘यूडीसीटी’च म्हणते. १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ती सुरू झाली, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली.

या एका आवारातून निघालेली नावं पाहिली तरी पुरे. प्रा. मनमोहन शर्मा मूळचे जोधपूरचे, पण त्यांची कर्मभूमी माटुंगा. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय केमिकल इंजिनियर. त्यांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत वाढलेले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि मग सीएसआयआरचे महासंचालक झाले. ब्रिटनमधल्या केमिकल इंजिनियर्सच्या संस्थेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी माटुंग्याची धुरा सांभाळली आणि मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले प्रा. गणपती यादव २००९ ते २०१९ या काळात या संस्थेचे कुलगुरू होते, आणि आयआयसीएचईचेही ते अध्यक्ष राहिले आहेत.

विदर्भाचं नाव मात्र या यादीत अनेकदा राहून जातं. नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, म्हणजे एलआयटी, १९४२ पासून आहे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून ती उभी राहिली. मुंबईच्या धनिकांच्या देणग्यांच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो, ही फारशी कुणी सांगत नाही. २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आता साखरखेर्ड्याचा विद्यार्थी

बारावी विज्ञान, गणित घेतलेलं, पण कोडिंगमध्ये मन नाही, असा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी या गावात असणारच. केमिकल इंजिनियरिंगसाठी राज्यातल्या बहुतेक जागांचा दरवाजा एमएचटी-सीईटीतून उघडतो, आयआयटी-एनआयटीचा जेईईतून. दहावीनंतर पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा हा दुसरा रस्ता. आणि एक गोष्ट या भागातल्या अनेक पालकांना अजून ठाऊक नाही. माटुंग्याच्या त्याच संस्थेचा मराठवाडा कॅम्पस २०१८ पासून जालन्यात आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. तिथे करता येतो. सिंदखेड राजा ओलांडलं की जालना जिल्हाच लागतो. केमिकलसाठी मुंबईला खोली करून राहण्याचा खर्च बघून जे कुटुंब मागे फिरतं, त्याने आधी जालन्याची चौकशी करावी.

प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच वर्षी कॉलेजमध्ये आयआयसीएचईचा विद्यार्थी विभाग आहे का ते बघा. केमकॉनचं एक धाकटं भावंडही आहे : स्केमकॉन, म्हणजे विद्यार्थ्यांचं अधिवेशन. तिथे पदवीचे विद्यार्थी निबंध आणि पोस्टर मांडतात, प्रश्नमंजूषा आणि इतर स्पर्धा होतात. अमेरिकेतल्या अशाच संस्थेने १९९९ पासून चालवलेली ‘केम-ई-कार’ ही स्पर्धा तर बघण्यासारखी असते. बुटांच्या खोक्याएवढी गाडी रासायनिक क्रियेवर चालवायची, आणि थांबवायचीही रासायनिक क्रियेनेच. ब्रेक लावायचा नाही. किती अंतर जायचं ते ऐनवेळी सांगतात. तिच्या फेऱ्या आता भारतातही होतात.

पैशांचं बोलणं टाळता येणार नाही. नोंदणी शुल्क, रेल्वेचं तिकीट, राहणं, असं सगळं मिळून शेतकऱ्याच्या घराला हा खर्च जाणवतो. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते, काही कॉलेजं प्रवासखर्च देतात, पण मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. विभागप्रमुखांकडे अर्ज करा, आणि तो अधिवेशनाच्या आधी करा.

आणि इथेच एक सावधगिरी. इनबॉक्समध्ये ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स’चं निमंत्रण येतं. दोन दिवसांत निबंध स्वीकारल्याचं पत्र येतं, सोबत पैसे भरायची लिंक. प्रमाणपत्र मिळतं, ऐकायला कुणी नसतं. अशा दुकानदारीत विद्यार्थ्यांचे पैसे जातात आणि पदरात काही पडत नाही. पारख सोपी आहे. भरवणारी संस्था आधीपासून ओळखीची आहे का? गोषवारा कुणी तपासतं का, की पाठवला की पास? वक्त्यांची नावं त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का? रसायन, व्यवस्थापन, योग आणि मराठी साहित्य असं सगळं एकाच ‘कॉन्फरन्स’मध्ये कोंबलं असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही.

नोकरी करता करता शिकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. आयआयसीएचई सहयोगी सदस्यत्वाची परीक्षा घेत आली आहे, आणि तिच्या जोरावर अनेक डिप्लोमाधारक पदवीधरांच्या बरोबरीला आले. मात्र व्यावसायिक संस्थांच्या अशा परीक्षांची सरकारी मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरती मर्यादित झाली. बढतीसाठी ती परीक्षा द्यायचा विचार असेल, तर आपली कंपनी किंवा खातं ती आज मानतं का, हे आधी लेखी विचारून घ्या.

राहिला प्रश्न इंग्रजीचा. अधिवेशनाची भाषा इंग्रजी, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना व्यासपीठावर जायची धास्ती वाटते. पहिल्या वेळी पोस्टर निवडा. माइक नसतो, समोर एका वेळी दोन-तीनच माणसं असतात, आकृतीवर बोट ठेवून बोलता येतं आणि अडलं तर समोरचाच शब्द पुरवतो. महाराष्ट्रातले प्राध्यापक असतील तर दोन मिनिटांत मराठीवर येतात. विषयासाठी लांब जायलाही नको. सोयाबीनच्या पेंडीत किती हेक्झेन उरतो, लोणारच्या पाण्यातले क्षार कोणत्या क्रमाने खाली बसतात, गावातल्या दूध संकलन केंद्राचा कूलर किती वीज खातो, यांतलं काहीही नीट मोजलेलं असेल तर व्हरांड्यात लोक थांबतात आणि पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात : मोजलं कसं?